वृद्धाश्रमातील परिचर्या : माणसे किती, कोणती आणि केव्हा

म्हैसूर शहरास फार पूर्वीपासून ‘पेन्शनरांचे नंदनवन’ असे म्हटले जाते. सौम्य हवा, रुंद रस्ते आणि संथ नागरी जीवन यांमुळे निवृत्तीनंतर तेथे स्थायिक होण्याची परंपरा जुनी आहे. शहराच्या मध्यभागी असलेल्या देवराज मोहल्ल्यात तर वृद्ध माणसास लागणारे सारे काही पायी जाण्याच्या अंतरावर सापडते. सयाजीराव रस्त्यावरील देवराज मार्केटमध्ये फुले, केळी, विड्याची पाने आणि कुंकवाच्या राशी आहेत. जवळच कृष्णराज रुग्णालय आहे आणि १९२४ साली बंगळुरास सुरू होऊन १९३० साली म्हैसुरास हलविलेले वैद्यकीय महाविद्यालयही आहे. येथील आरोग्यसेवेचा वारसा खरोखर समृद्ध आहे. ‘मिशन हॉस्पिटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या होल्ड्सवर्थ रुग्णालयात १९३४ पासूनच्या जन्मनोंदी जपून ठेवल्या गेल्या. जन्माच्या वेळचे वजन आणि उतारवयातील आरोग्य यांचा संबंध शोधण्यासाठी त्या नोंदींचा पुढे संशोधकांना मोठा उपयोग झाला.

परंतु रुग्णालय आजारी माणसासाठी असते. जो आजारी नाही, पण आधारावाचून उठू शकत नाही, अशा माणसाची जागा कोणती? मांडीचे हाड मोडलेल्या आजोबांवर शस्त्रक्रिया करून रुग्णालय त्यांना काही दिवसांत घरी पाठविते. त्यानंतरचे महिने, कधीकधी वर्षे, कोणी तरी त्यांना उठवावे, न्हाऊ घालावे, भरवावे लागते. घरात ते करणारे कोणी नसेल तर वृद्धाश्रमाचा विचार होतो. अशा वेळी कुटुंबीय खोल्या पाहतात, जेवण पाहतात, देवघर आहे की नाही ते विचारतात. रात्री दोन वाजता तेथे किती माणसे जागी असतात, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण महाराष्ट्रात ९.९ टक्के, तर कर्नाटकात ९.५ टक्के होते. यांतील बहुसंख्य आपापल्या घरीच राहतात आणि स्वतःचे व्यवहार स्वतः करतात. म्हणून वयावरून परिचर्येची गरज ठरविता येत नाही. अमेरिकन वैद्य सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये यासाठी एक साधी कसोटी मांडली. स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, बिछान्यातून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि स्वतःच्या हाताने जेवणे ही ती सहा कर्मे होत. यांपैकी किती कर्मांत दुसऱ्याचा हात लागतो, यावरून माणूस किती परावलंबी आहे हे कळते. ऐंशी वर्षांच्या एखाद्या आजीबाई सहाही कर्मे स्वतः करतील, आणि पासष्टीतले पक्षाघाताचे रुग्ण एकही करू शकणार नाहीत.

ही कर्मे करून देणारा वर्ग आणि परिचारिका हे दोन भिन्न वर्ग आहेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. आपल्याकडे गणवेश घातलेल्या प्रत्येक स्त्रीस ‘सिस्टर’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि त्यामुळे फार घोटाळा होतो. नोंदणीकृत परिचारिका तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम किंवा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा करून राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदलेली असते. सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. आश्रमात ज्यांना मावशी किंवा मामा म्हणतात त्या सेवकांचे शिक्षण मात्र काही आठवड्यांचे वा महिन्यांचे असते. अनेकांचे तर केवळ अनुभवाचे. स्नान, भरविणे, कूस बदलणे ही कामे उत्तम मावशी कोणत्याही परिचारिकेइतकीच, क्वचित अधिक मायेने, करील. पण मधुमेही आजोबांनी सकाळी न्याहारी टाकली असताना इन्शुलिन द्यावे की थांबावे, काल शुद्धीत बोलणाऱ्या आजी आज भ्रमिष्टासारख्या बोलतात ते वार्धक्यामुळे की मूत्रमार्गातील जंतुसंसर्गामुळे, हा निर्णय मावशीवर सोपविणे तिच्यावरही अन्याय करणारे आहे. मात्र आजींचे बोलणे बदलले आहे हे पहिल्यांदा तिच्याच ध्यानात येते. ते सांगण्याजोगी परिचारिका जवळ नसेल तर तिच्या ध्यानात येऊनही उपयोग होत नाही.

आता संख्येकडे वळू. उदाहरणादाखल देवराज मोहल्ल्यातील एखादा जुना दुमजली वाडा आश्रमात रूपांतरित झाला आहे, आणि तेथे तीस वृद्ध राहतात, अशी कल्पना करावी. त्यांपैकी दहा जण अंथरुणास खिळलेले आहेत. एकाच कुशीवर पडून राहिल्याने हाडाच्या उंचवट्यावरील त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण होते. ते टाळण्यासाठी साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, असा प्रघात आहे. दहा जणांची दिवसातून बारा वेळा म्हणजे एकशेवीस वेळा. प्रत्येक वेळी दोन माणसांची पाच मिनिटे धरली तर केवळ कूस बदलण्यासच रोज वीस तासांचे श्रम लागतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेतील चार फेऱ्यांत दोन माणसांचे प्रत्येकी तीन तास वीस मिनिटे यात जातात. रात्रपाळीस एकच मावशी असेल तर दोघांचे काम एकटीने करावे लागते. मग तिची कंबर जाते, किंवा फेऱ्या गळतात. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणी शौचास जाण्यासाठी हाक मारली तर तिने काय करावे? हाकेस उत्तर न मिळाल्याने स्वतःच उठू पाहणारा वृद्ध अंधारात पडतो, आणि पुन्हा मांडीचे हाड मोडते.

‘चोवीस तास परिचारिका उपलब्ध’ अशी पाटी अनेक ठिकाणी दिसते. तिच्यामागचे गणित पाहण्याजोगे आहे. आठ तासांच्या तीन पाळ्या धरल्या तर वर्षाला १,०९५ पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्या बावन्न, रजा व सण मिळून आणखी तीस वजा जाता एक व्यक्ती २८३ पाळ्या करू शकते. म्हणजे एक खुर्ची अहोरात्र भरलेली ठेवण्यास चार परिचारिका नेमाव्या लागतात. बारा तासांच्या दोन पाळ्या केल्या की तिघींत भागते. चालकांचा कल बारा तासांकडे का असतो, ते यावरून कळेल. ज्या आश्रमाच्या पगारपत्रकावर एकच परिचारिका आहे, तेथील पाटीचा अर्थ वेगळा लावावा लागेल.

किती मनुष्यबळ पुरेसे, हे काही देशांनी कायद्याने ठरविले आहे. ऑस्ट्रेलियात वृद्धनिवासांतील हेळसांडीच्या तक्रारींवरून २०१८ मध्ये शाही आयोग नेमला गेला. २०२१ मध्ये त्याचा अंतिम अहवाल आला. त्यानंतर जुलै २०२३ पासून तेथे चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका असणे बंधनकारक झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दरडोई रोज सरासरी २०० मिनिटांची परिचर्या सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२४ पासून ती २१५ मिनिटे झाली, व त्यांतील ४४ मिनिटे नोंदणीकृत परिचारिकेची असावीत असे ठरले. स्वयंपाक व झाडलोट यात धरीत नाहीत. हे माप आपल्या तीस जणांच्या वाड्यास लावले तर रोज साडेएकशेसात तास, म्हणजे आठ तासांच्या तेरा-चौदा पाळ्या होतात. परिचारिकेचा वाटा मात्र बावीस तासच येतो. अर्थात लहान आश्रमास चोवीस तासांची अटच अधिक जड जाते. अमेरिकेत १९८७ च्या कायद्याने रोज सलग आठ तास नोंदणीकृत परिचारिका आणि सेवकांना किमान पंचाहत्तर तासांचे शिक्षण आवश्यक केले. २०२४ मध्ये तेथील केंद्र शासनाने दरडोई ३.४८ तासांचा नियम केला, पण २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरविला. मनुष्यबळच मिळत नाही, हा चालकांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी खोटा नव्हता.

आपल्याकडे २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणविषयक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी आश्रम असावा, अशी तरतूद आहे. वृद्धाश्रमांची नोंदणी व किमान दर्जा यांविषयीचे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. परंतु त्याचा कायदा होण्यापूर्वीच ती लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली. त्यामुळे दर्जाची चौकशी करण्याचे ओझे कुटुंबावरच येऊन पडते.

संख्येत न मावणारी एक गोष्ट उरते, ती भाषेची. म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. बाहेर कन्नड, घरात मराठी. स्मृतिभ्रंश झालेली माणसे पुष्कळदा नंतर शिकलेल्या भाषा आधी विसरतात आणि बालपणीच्या बोलीकडे परततात, असे दिसून येते. आयुष्यभर अस्खलित कन्नड बोललेल्या आजी मग रात्री फक्त ‘पाणी’ म्हणतात, ‘नीरु’ म्हणत नाहीत. अशा वेळी कुटुंबीयांनी पाणी, दुखते, थंडी वाजते, लघवीस जायचे आहे अशी दहा-बारा वाक्ये कन्नड लिपीत लिहून ती खाटेशी लावून ठेवावीत, आणि रात्रपाळीच्या मावशीस ती एकदा मोठ्याने वाचून दाखवावीत.