दुसरा अल्बम : हेवी मेटलमागचं इंजिनिअरिंग

हेवी मेटल म्हटलं की आपल्या होस्टेलवर साधारण दोन प्रतिक्रिया उमटतात. एक गट इअरफोन कानात खुपसून मान हलवायला लागतो आणि दुसरा गट रेक्टर सरांना बोलवायला जातो. हा लेख दोन्ही गटांसाठी आहे. पहिल्या गटाने तो वाचावा, कारण आपण जे ऐकतो ते तयार कसं होतं हे त्यातून कळेल. दुसऱ्या गटाने वाचावा, कारण सिग्नल्सपासून व्हायब्रेशनपर्यंत निम्मा सिलॅबस त्यात येऊन जातो!

विषय मुद्दाम छोटा घेतला आहे : बँडचा दुसरा अल्बम. पहिल्या अल्बममध्ये बहुतेक बँड वर्षानुवर्षं साठवलेली, वाजवून वाजवून गुळगुळीत झालेली गाणी टाकतात. दुसऱ्याच्या वेळी ही शिदोरी संपलेली असते. शिवाय पहिल्यात काय कमी पडलं हे आता कानाला कळायला लागलेलं असतं. म्हणजे सेकंड इयरसारखंच, नवलाई संपली आणि अभ्यास सुरू झाला.

उदाहरण आपल्या शेजारच्या मुंबईतलंच घेऊ. साहिल मखिजा या तरुणाने २००० साली मुंबईत ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड सुरू केला आणि त्याच वर्षी ‘डेमॉनस्टीलर’ हा पहिला अल्बम काढला. दुसरा, ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, आला २००५ मध्ये. मध्ये गेली तब्बल पाच वर्षं. आता तुलना करा. इंग्लंडच्या ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये आला आणि दुसरा, ‘पॅरानॉइड’, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. अमेरिकेच्या ‘मेटालिका’चा पहिला जुलै १९८३ मध्ये, तर दुसरा, ‘राइड द लाइटनिंग’, जुलै १९८४ मध्ये. सात महिने, एक वर्ष आणि पाच वर्षं!

मुंबईचे पोरगे आळशी होते असं समजू नका. सॅबथच्या मागे रेकॉर्ड कंपनी होती, निर्माता रॉजर बेन होता, लंडनचे स्टुडिओ होते. मेटालिकाला कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेन हा इंजिनिअर मिळाला. मुंबईत स्टुडिओ कमी नव्हते, उलट देशातले उत्तम स्टुडिओ इथेच. पण ते घडले सिनेमाच्या गाण्यांवर. तिथे गायकाचा आवाज सगळ्यांच्या पुढे बसतो आणि वाद्यं त्याच्या मागे. मेटलमध्ये गायक गिटारच्या भिंतीत अर्धा चिणलेला असतो आणि ड्रम्सचा प्रत्येक फटका त्या भिंतीतून बाहेर यावा लागतो. वर स्टुडिओचं भाडं तासावर. पहिल्या अल्बमनंतरच्या त्या पाच वर्षांत बँडमधली माणसं बदलली, आणि मखिजाने गिटार-गायनाच्या जोडीला रेकॉर्डिंगचं कामही शिकून घेतलं. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ निघाला तो त्याच्या स्वतःच्याच ‘डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्स’ या लेबलवर. रस्ता नव्हता, म्हणून आधी रस्ता बांधला आणि मग गाडी काढली, असा हा प्रकार.

पुढचं थोडक्यात सांगतो. या अल्बमपासून ‘डार्कनेस’ नावाची तीन भागांची मालिका सुरू झाली. तिचा शेवटचा भाग, ‘द रिटर्न टू डार्कनेस’, २०१० मध्ये आला आणि ब्रिटिश लेबल कँडललाइटने तो परदेशात पोचवला. २०१७ च्या ‘दशावतार’मध्ये तर या बँडने विष्णूच्या दहा अवतारांवर गाणी केली. दुसरा मुंबईकर बँड ‘स्क्राइब’. त्यांच्या २०१० च्या दुसऱ्या अल्बमचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’. ‘अंदाज अपना अपना’ पाहिलेल्यांना तेजा कोण हे सांगायला नको!

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या अल्बमला बँड नेमकं काय शिकतो? माझं उत्तर असं, की ‘हेवी’ वाटणं हे आवाज वाढवण्यावर कमी आणि जागेची वाटणी करण्यावर जास्त अवलंबून असतं. चार धडे सांगतो.

धडा पहिला : कोणाला कुठे बसवायचं

मी मूळचा मोरा बंदरचा, म्हणून उदाहरणही तिथलंच देतो. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला येणाऱ्या लाँचमध्ये इंजिनाजवळ बसून पाहा. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण तांडेलाने इंजिनवाल्याला दिलेली घंटी लख्ख ऐकू येते. घंटीची ताकद इंजिनापेक्षा कितीतरी कमी, पण तिची फ्रिक्वेन्सी वेगळी. बोलण्याचा खालचा भाग इंजिनाच्या घरघरीत बुडतो, घंटी वरून निसटते. यालाच मास्किंग म्हणतात.

गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बेसची ४१ ला. बेस ड्रमचा दणका साधारण त्याच परिसरात, ६०-७० हर्ट्झच्या आसपास. तिघे एका बाकावर बसले की चिखल होतो. म्हणून गिटारच्या ट्रॅकवर ८० हर्ट्झखालचं सगळं हायपास फिल्टरने कापतात. गिटार एकटी ऐकली तर बारीक वाटते, पण बेस जोडीला आला की तीच गिटार डोंगराएवढी होते. बेस ड्रमचा दणका खाली ठेवून त्याची ‘टक्’ मात्र तीन-चार हजार हर्ट्झला वर काढतात. तीच आपली घंटी.

डिस्टॉर्शनचंही तसंच. साइन वेव्हचं डोकं छाटलं की ती चौकोनी व्हायला लागते आणि हार्मॉनिक्स वाढतात, हे आपण लॅबमध्ये सीआरओवर पाहिलेलं आहे. गेन फार वाढवला की सगळ्या सुरांची डोकी एकाच उंचीला छाटली जातात आणि तारेवरचा आघात ऐकू येईनासा होतो. म्हणून रेकॉर्डिंगला गेन स्टेजपेक्षा कमीच ठेवतात.

धडा दुसरा : झेरॉक्स चालत नाही

मेटलमधली गिटार दोन्ही कानांत भिंतीसारखी उभी असते. एकच ट्रॅक कॉपी करून डाव्या-उजव्या बाजूला लावला तर? काही होत नाही. दोन्ही सिग्नल तंतोतंत सारखे, त्यामुळे कानाला एकच गिटार मधोमध ऐकू येते, फक्त मोठी. एकाच्या जर्नलची झेरॉक्स दुसऱ्याने लावली तर सरांना दोन जर्नल्स दिसतात का? तसंच आहे हे. तोच रिफ खरोखर दोनदा वाजवावा लागतो, डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा. हातातल्या बारीक फरकामुळे रुंदी तयार होते. फरक जास्त झाला तर गोंधळ आणि अजिबात नसला तर भिंत पडली! म्हणजे चार मिनिटांच्या गाण्यासाठी तोच हात आठ मिनिटं तितकाच नेमका चालला पाहिजे.

धडा तिसरा : वेळेचा हिशेब

मिनिटाला २०० बीट, प्रत्येक बीटमध्ये पायाचे चार फटके. सेकंदाला १३ च्या वर फटके झाले, दोन फटक्यांत अंतर ७५ मिलिसेकंद. त्यात २०-२५ मिलिसेकंदांची चूक म्हणजे एक तृतीयांश घर चुकलं. म्हणून ड्रमर कानात क्लिक घेऊन वाजवतो आणि बाकीचे नंतर त्याच्यावर आपापले थर चढवतात.

हार्ड डिस्कचा हिशेबही करून पाहा. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटचा म्हणजे ३ बाइटचा. एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८ एमबी लागले. २४ ट्रॅक आणि पाच मिनिटांचं गाणं म्हणजे जवळजवळ एक जीबी, आणि हे एकेकच टेक धरून. २००५ च्या सुमारास घरच्या कॉम्प्युटरला ४० किंवा ८० जीबीची डिस्क असायची. म्हणजे नको असलेले टेक पुसणं हादेखील तेव्हा संगीताचाच भाग होता!

धडा चौथा : आहे त्यात भागवणं

सॅबथचा गिटारिस्ट टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशिनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं लावलं आणि गिटारला हलक्या तारा चढवल्या. हेवी मेटलचा मूळ आवाज असा एका मेकॅनिकल जुगाडातून आलेला आहे. ‘पॅरानॉइड’ हे गाणंही अल्बममध्ये थोडी जागा भरायला ऐनवेळी केलेलं, आणि तेच सर्वांत गाजलं.

मेटालिकाचं सामान १९८४ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये चोरीला गेलं. त्यात जेम्स हेटफिल्डचा आवडता मार्शल अँपही होता. कोपनहेगनला पोचल्यावर एकामागून एक अँप लावून तो आवाज पुन्हा शोधावा लागला. हॉटेलला पैसे नव्हते, म्हणून हे लोक दिवसा स्टुडिओतच झोपायचे आणि रात्री रेकॉर्डिंग करायचे.

आता आमच्याबद्दल. आमचा चौघांचा बँड आहे. गेल्या वर्षी होस्टेलवर पाच गाणी रेकॉर्ड केली आणि यंदा दुसरी खेप सुरू आहे. जागा मोरा बंदरच्या आमच्या घराची मागची खोली, जिथे बाबा जाळी ठेवतात. शनिवारी उरण लोकलने स्टेशनपर्यंत आणि पुढे रिक्षाने गिटार येतात, ड्रम्स एकदाच टेम्पोतून नेऊन ठेवले आहेत. २०२४ च्या जानेवारीत ही लोकल उरणपर्यंत आली म्हणून जमतं. लाँचवर विसंबून राहिलो असतो तर ओहोटीच्या वेळी गाळामुळे फेऱ्या बंद आणि बँड धक्क्यावर!

खोलीत तीन भिंतींना छातीएवढे जाळ्यांचे ढीग आहेत. नायलॉनचे हे ढीग आवाजाचा वरचा भाग छान शोषून घेतात, त्यामुळे झांजांचा खणखणाट भिंतीवरून परतत नाही. खालच्या आवाजाला मात्र जाळी दाद देत नाही, त्यासाठी माइक सरकवत बसावं लागतं. दोन माइकमध्ये ३४ सेंटिमीटर अंतर जास्त झालं की आवाज एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि दोन्ही मिसळल्यावर ५०० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खाऊन टाकतो. थर्ड सेमचा फेजचा धडा मला परीक्षेपेक्षा या खोलीत जास्त समजला.

एक अट आईने पहिल्याच दिवशी घातली : संध्याकाळी सातनंतर ड्रम्स नाहीत. आजूबाजूची माणसं पहाटे होड्या घेऊन जातात, त्यांची झोप आधी. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजला. पण आसपास हॉस्पिटलं आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात तिथले कार्यक्रम थांबले. ऐकणाऱ्यांचं नुकसान झालं हे खरं, पण हॉस्पिटलमधल्या पेशंटची बाजूही खरीच. तेव्हा जागेची वाटणी फक्त फ्रिक्वेन्सीची नसते, शेजाऱ्यांबरोबरही करावी लागते.

आमची खरी अडचण वेळेची आहे. आमचा ड्रमर फायनल इयरला. ऑफर लेटर हातात आहे आणि जुलैत तो चेन्नईला जॉइन होतोय. गाणी तयार आहेत अकरा, आणि उरलेल्या शनिवारांत बसतात सहा. कुठली पाच सोडायची यावर मेसमध्ये दोन रात्री भांडण झालं. शेवटी असं ठरलं, की गिटार आणि गाणं पुढच्या वर्षीही रेकॉर्ड करता येईल, पण त्याचे फटके नाही. म्हणून ज्या सहा गाण्यांत ड्रम्स सर्वांत जास्त बोलतात ती ठेवली. माझं सर्वांत आवडतं गाणं त्यात बसलं नाही. त्यात ड्रम्स शेवटच्या मिनिटालाच येतात.

सहापैकी चार गाण्यांचे ड्रम्स झाले आहेत. उरलेली दोन परीक्षेआधीच्या शनिवारी करायची आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा मेकॅनिकलच्या ज्युनिअर्सपैकी कोणाला माइक कसे लावतात आणि ट्रॅक कसे बसवतात हे बघायचं असेल, तर त्या दिवशी मोऱ्याला जरूर या. गाणं आवडलंच पाहिजे अशी अट नाही. फक्त दुपारी लवकर पोचा, सातला ड्रम्स बंद होतात.