संगणकाच्या पडद्यावरील रंगांची निवड

सातारा जिल्ह्यातील कराड असो वा सांगली जिल्ह्यातील मिरज, दूरच्या संगणकाशी जोडून काम करणाऱ्याला जुन्या टर्मिनलची नक्कल करणारी आज्ञावली उपयोगी पडते. १९७८ चे ‘व्हीटी-१००’ टर्मिनल एकरंगी होते. आजच्या आज्ञावलींत काळा, तांबडा, हिरवा, पिवळा, निळा, किरमिजी, आकाशी व पांढरा हे आठ मूळ रंग असून प्रत्येकाची छटा बदलता येते.

काळ्या पार्श्वभूमीवर गडद निळी अक्षरे वाचणे कठीण जाते. ती छटा प्रथम उजळ करावी. अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. काही पुरुषांना तांबडा व हिरवा यांतील फरक कळत नाही. म्हणून नोंदीतील चूक केवळ तांबड्या रंगाने न दर्शविता ‘चूक’ हा शब्दही पडद्यावर यावा. अन्यथा शेतकऱ्याच्या सातबाऱ्यातील चूक तशीच राहून जाईल.