जुन्या गाडीच्या तळास घरीं घडविलेलें ठिगळ

खेड तालुक्यांतून चाकणच्या बाजारांत कांदा-बटाटा घेऊन येणाऱ्या बागायतदारांपैकीं पुष्कळांच्या दारीं पंधरा-वीस वर्षें वापरलेली एखादी जीप अथवा सुमो उभी असते. ती बियाणें आणते, खतांचीं पोतीं वाहते आणि लग्नकार्यास घरच्या मंडळींसही नेते. तिचें इंजिन बहुधा धडधाकट असतें. दगा देतो तो पायाखालचा पत्रा. त्या पत्र्यास ठिगळ लावण्याचें काम शेतकऱ्यास अर्धेंअधिक घरीं करतां येण्याजोगें आहे. तें कसें करावें, व कोठें मुळींच करूं नये, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम हा पत्रा कुजतो कां, तें पाहूं. लोखंडास हवा व ओल एकत्र मिळालीं कीं गंज चढतो हें सर्वश्रुत आहे. परंतु त्या ओलींत क्षार मिसळला म्हणजे गंजाचा वेग फार वाढतो. म्युरेट ऑफ पोटॅश हें खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, अर्थात् स्वयंपाकाच्या मिठाचेंच भावंड. अमोनियम सल्फेटही लोखंडास बाधतें. पोत्यांतून सांडलेली चिमूटभर भुकटी रबरी चटईखालीं जाते, पावसाळ्यांत चिखलाच्या पायांबरोबर पाणी येतें, आणि चटईमुळें तें वाळत नाहीं. याप्रमाणें पत्रा वरून, म्हणजे आपण पाय ठेवतों त्या बाजूनें, कुजत असतो. मालक मात्र गाडीखालीं वांकून डांबराचा काळा थर शाबूत पाहतो व निश्चिंत राहतो. गव्हावरील तांबेरा निदान पानावर दिसतो.

माझ्या वडील बंधूंच्या गाडीचें असेंच झालें. एका कारागिरानें कुजक्या पत्र्यावरच नवा पत्रा टाकून चार रिव्हेट मारले, वर डांबर फांसलें व पैसे घेतले. पुढील श्रावणांत आमच्या वहिनींच्या पायाखालून तें ठिगळ कडेसकट खचलें. सुदैवानें गाडी शेताच्या वाटेनें हळू चालली होती. नव्या पत्र्यास कांहींच झालें नव्हतें. त्यास धरून ठेवणारा जुना पत्राच उरला नव्हता. त्याहून भयंकर गोष्ट मागाहून ध्यानांत आली. गाडींत बसलें कीं वहिनींचें डोकें दुखे व मळमळे, आणि आम्ही तें पित्त समजत होतों. भोकाच्या जवळूनच धुराची नळी जात होती व ती सांध्यांत फुटली होती. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं कीं वास नाहीं. तळास भोक दिसतांच ही नळी आधीं तपासावी.

आतां ठिगळास योग्य जागा कोणती? जीप, सुमो यांसारख्या गाड्यांत खालीं भक्कम लोखंडी सांगाडा, म्हणजे चॅसी, असून वरची पेटी तिच्यावर बसविलेली असते. अशा गाडींत पाय ठेवावयाचा सपाट पत्रा ठिगळास योग्य होय. पूर्वीं निघत असलेल्या पद्मिनी मोटारीची गोष्ट निराळी. तिला वेगळा सांगाडा नाहीं. तळाचा पत्रा व दाराखालील पोकळ पट्टी हाच तिचा कणा. तेथें मोठा भाग आधार दिल्यावांचून कापला तर गाडी मध्यें दबते व दारें लागेनाशीं होतात. कोणत्याही गाडींत चॅसी, आसनांचे बोल्ट ज्यांत आवळलेले असतात ती जागा, आणि सीटबेल्ट जेथें अडकतो ती जागा, या तिहींस घरचें ठिगळ लावूं नये. चॅसीवर कोरलेल्या क्रमांकाजवळ तर घांसूंही नये. जमिनीस जसा गट नंबर, तसा गाडीस तो क्रमांक. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पांच-पांच वर्षांनीं नवी करावी लागते, त्या वेळीं तो पाहिला जातो. पुसट झाला असल्यास मालकाच्या नशिबीं खेटे येतात. खेटे म्हणजे काय, हें मीं कचेरीच्या आंतल्या बाजूनें पाहिलें आहे.

कामास आरंभ करण्यापूर्वीं बॅटरी सोडवावी. चटई, आसनें व खालचा नमदा काढून तळ धुवून वाळवावा. मग पोतीं शिवण्याचें दाभण घेऊन इंचाइंचावर जोरानें टोंचीत जावें. टोंक आंत शिरेल अथवा पापुद्रा उडेल तो भाग गेला असें समजावें, आणि त्याच्याही पलीकडे दोन बोटें चांगला पत्रा धरून खडूनें रेघ आंखावी. हद्द कायम केल्यावांचून बांध घालूं नये, हा मोजणीचा नियम येथेंही खरा. मालकाचा हात चुकतो तो येथेंच; भोक मोठें होईल या भयानें तो कुजकी कड ठेवतो. कड गोलसर कापावी, कारण काटकोनी कोपऱ्यापासून चीर धांवूं लागते. ग्राइंडर लावण्यापूर्वीं खालीं निजून ब्रेकची नळी, इंधनाची नळी व विजेच्या तारा कोठून जातात तें पाहावें.

पत्रा मूळच्या जाडीचा असावा. बहुधा १८ किंवा २० गेजचा, म्हणजे सुमारें १.२ अथवा ०.९ मिलिमीटरचा, सीआर पत्रा चालतो. असे तुकडे पूर्वीं चिखलीजवळील कुदळवाडीच्या भंगार गोदामांत मिळत. फेब्रुवारी २०२५ मध्यें महापालिकेनें तेथील बांधकामें पाडलीं, तेव्हां आतां पत्रा व्यापाऱ्याकडून गेज सांगून घ्यावा. छपराचा उरलेला जस्ती पत्रा वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. झाळतांना जस्ताचा धूर होऊन माणसास थंडीताप भरतो.

टाटांचा पुण्याचा मोटारकारखाना १९६६ सालीं स्थापन झाला, आणि १९९४ पासून २०१९ पर्यंत निघालेली सुमो तेथलीच. सुमंत मुळगांवकर यांच्या नांवाच्या अक्षरांवरून तिचें नांव पडलें. कारखान्यांत तळाचा पत्रा पोलादी साच्यांत घालून दाबयंत्रानें घडवितात, व त्यांतच लांबट पन्हळी उठवितात. या पन्हळी शोभेच्या नव्हेत; सपाट पत्रा पायाखालीं डबडबतो, पन्हळी पाडलेला ताठ राहतो. घरीं साच्याचें काम बाभळीची फळी करते. फळींत बोटभर रुंद व अर्धें बोट खोल खांच पाडावी, पत्रा तिच्यावर दोन पट्ट्यांनीं घट्ट आवळावा, वर १० मिलिमीटरची गुळगुळीत सळई खांचेच्या रेषेंत ठेवावी, आणि एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हातोडा हलक्या हातानें चालवावा. चार-पांच फेऱ्यांत पन्हळ उतरते; एकाच फेरींत उतरवूं गेल्यास पत्रा फाटतो. पन्हळ पडतांना पत्रा आंत ओढला जातो, म्हणून चोहोंकडे जास्त पत्रा ठेवून पन्हळी आधीं पाडाव्या व आकार मागाहून कापावा. आम्ही प्रथम उलट केलें, आणि ठिगळ भोकापेक्षां लहान भरलें. आकारासाठीं बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा भोकावर धरून नमुना काढावा; भोकाच्या कडेबाहेर दीड-दोन सेंटिमीटर पत्रा चढेल इतका तो मोठा हवा. कडा वळविण्यास लोखंडी हातोड्यापेक्षां लाकडी मोगरी बरी.

झाळण्याचें काम मात्र जाणत्याकडे द्यावें. नांगर-वखर सांधणाऱ्या रॉडच्या वेल्डिंगनें हा पातळ पत्रा जळून भोकें पडतात. येथें मिग वेल्डिंग पाहिजे. ठिगळाच्या कडेस तीन-चार सेंटिमीटरांवर ६ ते ८ मिलिमीटरचीं छिद्रें पाडून नेलीं म्हणजे त्या छिद्रांतून खालच्या पत्र्याशीं सांधा भरतां येतो. एका ओळींत न भरतां या कोपऱ्यांतून त्या कोपऱ्यांत जावें, म्हणजे पत्रा तापून वांकत नाहीं. गाडींत सीएनजीची टाकी असल्यास ती अधिकृत माणसाकडून आधीं उतरवावी. पेट्रोल-डिझेलच्या टाकीजवळ झाळूंच नये. एक गडी गाडीखालीं पाण्याची बादली व ओलें पोतें घेऊन बसवावा, आणि काम संपल्यावरही अर्धा तास त्यानें हलूं नये, कारण नमद्याचा धागा आंतल्या आंत धुमसत राहतो.

सांधे घांसून दोन्ही बाजूंनीं रेड ऑक्साइड लावावा. तो वाळल्यावर सांध्यांच्या फटींत वरून-खालून सीलर भरावा, त्यावर रंग, व खालच्या बाजूस डांबरी लेप. सीलर न भरतां नुसता लेप दिल्यास पाणी दोन पत्र्यांमध्यें अडकून नवें ठिगळ जुन्याहून लवकर कुजतें. तळास मूळची रबरी बुचें असतात, तीं ठिगळाखालीं बुजवूं नयेत. खतें आणलीं त्या दिवशीं चटई उचलून, बुचें काढून तळ गोड्या पाण्यानें धुवावा, आणि वाळल्यावर बुचें परत बसवावीं.