चिपचे कवच आणि कसोटी

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. भारतीय रेल्वेसाठी लागणारे रूळ या कारखान्यात मोठ्या प्रमाणावर तयार होतात. परंतु तयार झालेला रूळ लगेच रवाना होत नाही. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींच्या साहाय्याने त्याच्या अंतर्भागातील दोष शोधले जातात. वरून अखंड दिसणाऱ्या रुळातही तडा असू शकतो.

वस्तू घडवणे आणि ती विश्वासार्ह ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. रुळाच्या तुलनेत अत्यंत लहान असलेल्या अर्धवाहक चिपलाही हेच लागू पडते. मोबाईल, मोटारी आणि रुग्णालयांतील उपकरणे चिपवरच चालतात.

सिलिकॉनच्या एका चकतीवर एकाच वेळी शेकडो चिप तयार होतात. चकतीवरच त्यांची पहिली चाचणी होते आणि सदोष चिपची नोंद ठेवली जाते. कारण सदोष चिपला कवच घालणे म्हणजे साहित्य व श्रम वाया घालवणे होय. नंतर चकती कापून प्रत्येक चिप सुटी करतात. निर्दोष चिप धातूच्या चौकटीवर बसवून केसाहून बारीक तारांनी चौकटीशी जोडतात. त्यावर राळेचे कवच चढते व ते ओलाव्यापासून आणि धक्क्यांपासून चिपचे रक्षण करते. यानंतर अंतिम चाचणी होते. मोटारींसाठीच्या अनेक चिप उणे ४० अंशांपासून १२५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात तपासल्या जातात.

पुष्कळदा चिपचा आराखडा एक कंपनी करते, दुसरी ती घडवते आणि कवच व कसोटीचे काम तिसरीकडे सोपवले जाते. तैवानमधील एएसई ही कंपनी १९८४ पासून हे काम करीत आहे. भारतात, मुंबईच्या सीजी पॉवर कंपनीने जपानी व थायी भागीदारांसह गुजरातमधील साणंद येथे हे काम हाती घेतले. त्या प्रकल्पास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील प्रायोगिक उत्पादनशाखेचे उद्घाटन झाले.

कवच चढल्यावर आतील तार कोणालाही दिसत नाही. मागणी कितीही तातडीची असली, तरी संशयास्पद चिप बाजूला काढावीच लागते. त्यात कंपनीचे नुकसान होते; मात्र तीच चिप पुढे गेली, तर तिची किंमत रुग्णाला किंवा प्रवाशाला मोजावी लागते.

पाठगत प्रश्न
१. कवच घालण्यापूर्वी चिपची चाचणी का घेतात?
२. तुमच्या व्यवसायातील एखादी वस्तू ग्राहकाला देण्यापूर्वी कशी तपासतात, ते पाच वाक्यांत लिहा.