घोरणाऱ्याचा घसा

शेजारी कोणी घोरू लागले, की आपण म्हणतो, "काय गाढ झोपलाय बघा!" पण नीट कान द्या. घोरता घोरता माणूस मध्येच गप्प होतो. छाती हलते, पण वारा आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग एक हिसका बसतो आणि घोरणे पुन्हा सुरू. रात्रभर असेच. दिवसा हा माणूस ट्रॅक्टरवर पेंगतो. रक्तदाब वाढतो. लोक त्याला आळशी म्हणतात. आम्ही म्हणतो, हा आजार आहे. त्याचे त्याला कळत नाही, म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातले माणूस बरोबर असावे.

वारा अडतो कुठे? घशात. झोपेत घसा सैल पडतो. कुणाची टाळूची मऊ बाजू खाली येते, कुणाची जीभ मागे सरते, कुणाचे श्वासनळीवरचे झाकण आत ओढले जाते. जागेपणी पाहावे, तर सारे ठीक! म्हणून १९९१ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी एक रीत प्रसिद्ध केली. रोग्याला औषधाने झोपवायचे, घोरू द्यायचे आणि नाकातून बारीक, वाकणारी दुर्बीण घालून घसा पाहायचा. ही तपासणी सर्वांना लागत नाही. शस्त्रक्रिया करायची की काय, असा प्रश्न आला की करतात.

पण काजळलेल्या काचेतून कंदिलाचा उजेड पडेल का? तसेच इथे होते. श्वासाची वाफ भिंगावर धरते. लाळ साचते. म्हणून भिंग आधी कोमट करतात किंवा त्याला वाफ न धरणारे औषध लावतात. लाळ नळीने ओढून घेतात.

तरी जीभ आड येतेच. मग डॉक्टर खालचा जबडा दोन्ही बाजूंनी धरून पुढे ओढतात. जीभ जबड्याला जोडलेली, तीही पुढे येते. मागची वाट उघडते आणि खालचे दिसू लागते.

इथेच खरी मेख आहे. जबडा धरूनच ठेवला, तर घसा छान दिसेल, पण दुखणे लपेल! म्हणून आधी हात न लावता पाहतात, मग जबडा ओढून. ओढल्यावर वाट चांगली मोकळी झाली, तर रात्री जबडा पुढे धरणारे दातांचे साधन त्या माणसाला उपयोगी पडण्याचा संभव असतो. औषधाचेही तसेच. झोप फार गाढ झाली, तर नेहमीपेक्षा जास्त घसा मिटतो आणि तपास चुकतो. म्हणून भूल देणारे डॉक्टर औषध बेताबेताने देतात आणि रक्तातल्या प्राणवायूवर नजर ठेवतात.

तपासणी थोड्या वेळात आटोपते. त्या दिवशी मात्र गाडी चालवू नये. घरी न्यायला कोणीतरी सोबत ठेवावे.