कोल्ह्याचा माग

"मामा, कोल्ह्याची शिकार शिकायची तर सुरुवात कुठून करायची?"

कळमनुरी तालुक्यातल्या माझ्या वावरातल्या आखाड्यावर हिवाळ्याच्या संध्याकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. मामा वनखात्यातून वनरक्षक म्हणून निवृत्त झालेले. रात्रीतून मक्याचा कोपरा आडवा झाला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. त्यात अमेरिकेतल्या कोयोटच्या शिकारीचे व्हिडिओ पाहून झाले होते.

"ते लोक काय करतात?" मामांनी विचारलं.

"झुडपाआड दडून बसतात. जखमी सशासारखी ओरडणारी शिट्टी वाजवतात. कोयोट जवळ आला की गोळी."

"आणि बसायच्या आधी?"

"आधी वारा कुठून येतो ते बघतात. माणसाचा वास गेला की तो येतच नाही म्हणे."

"एवढं शिकण्यासारखं आहे. आपले फासेपारधी तित्तिराला तित्तिराच्याच आवाजात बोलवायचे, त्यांना शिट्टीही लागत नव्हती. पण बंदुकीचा भाग सोडून दे. कोयोट आणि आपला कोल्हा चुलत भावंडं असली, तरी इथं कोल्ह्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आणि शिकार म्हणजे नुसती गोळी नव्हे. फास लावला, विष घातलं, नुसता प्रयत्न केला, तरी कायद्यानं ती शिकारच."

"वावर तर माझं आहे."

"वावर तुझं, जनावर नाही. लांडगा तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षं आत, दंड 25 हजारांच्या खाली नाही. अंगावर आलेल्या जनावरापासून माणसाचा जीव वाचवताना ते मेलं, तर गोष्ट वेगळी. मक्याच्या कणसासाठी ती सूट नाही."

मी गप्प झालो. मामांनी कप खाली ठेवला आणि बॅटरी घेतली. "चल, आधी चोर कोण ते तरी बघू."

आदल्या दिवशी पाणी दिलेल्या सरीत माती अजून ओली होती. मामा धुऱ्याजवळ उकिडवे बसले आणि बॅटरी आडवी धरली. आडव्या उजेडात ठसा एकदम उठून दिसला: चार बोटं, पुढं नखांचे टोचे.

"कुत्र्याचा आहे," मी म्हणालो.

"मधली दोन बोटं बघ. त्यांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना चिकटल्यात. कुत्र्याच्या सुट्या असतात. आणि हा गडी बघ कसा सरळ रेषेत गेलाय. कुत्रं असं जात नाही, ते चार ठिकाणी हुंगत, भरकटत जातं."

"म्हणजे कोल्हाच!"

"थांब." मामांनी बॅटरी आडव्या पडलेल्या ताटांकडं फिरवली. तिथं माती उकरलेली, आणि चिखलात दुभंगलेले खूर. "हे रानडुकरांचं काम. कोल्ह्यानं खालची दोन-चार कणसं सोलली असतील. तो मका खातो, ऊस चघळतो, भुईमूग आणि टरबूजही सोडत नाही. पण एवढा कोपरा लोळवणं त्याच्या आवाक्यातलं नाही. आठ-दहा किलोचा तर जीव."

पुढं दगडावर वाळलेली विष्ठा होती. मामांनी ती काडीनं फोडली. आत बोराच्या बिया आणि राखाडी केस. "हे उंदराचे. कोल्हा गेला तर हे उंदीर कोण खाणार?"

मला ते केस अजून डोळ्यांसमोर दिसतात. त्या संध्याकाळी मी ज्याच्यावर नेम धरायला निघालो होतो, तो माझ्याच वावरात उंदीर मारत फिरत होता.

"पण शेळी नेली तर?"

"लांडगा असो की कोल्हा, नुकसानभरपाई मिळते. 48 तासांच्या आत वनखात्याला कळवायचं. मेलेलं जनावर हलवायचं नाही, पंचनामा होऊ द्यायचा. आणि कोकरं उघड्यावर ठेवायची नाहीत. धनगर वाघर लावतात, कुत्री राखतात, ते काय उगीच? विषाचं नाव काढू नकोस. एका शिवारात कुणीतरी मढ्यावर फवारणीचं औषध टाकलं होतं. कोल्हा एकच मेला. गावची तीन कुत्री, एक मुंगूस आणि घारी मेल्या."

"अमेरिकेत तरी मारून कमी झाले का?"

"शंभर वर्षांवर झाली, गोळ्या घातल्या, सापळे लावले, विष घातलं. कोयोट पश्चिमेच्या माळावरून पूर्वेच्या समुद्रापर्यंत पसरला. त्याला खाली ठेवणारे लांडगे माणसानं आधीच संपवले होते, हेही त्यामागचं एक कारण."

आम्ही परत फिरलो तेवढ्यात तुरीच्या पलीकडून एकानं हेल काढला. लगेच दुसरा, मग तिसरा. कोल्हेकुई इतक्या जवळून मी कधी ऐकली नव्हती.

मामांनी बॅटरी विझवली. "जवळून बघायचाय?" ते कुजबुजले. "मग वारा कुठला ते सांग."

मी मूठभर कोरडी माती उचलली आणि हळूच सोडली. ती कयाधू नदीच्या बाजूला वाहत गेली.