'कमिट केलं नव्हतं का?' म्हणे!

लाइट गेली, पाच मिनिटांत आली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे दुकानातलं मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं. उठलं ते बसवलेल्या दिवसासारखं कोरं करकरीत. तीन आठवड्यांची उधारी गायब.

अल्पाइन लिनक्स बसवून देणाऱ्या पोराला फोन लावला. तो थंडपणे विचारतो, "काका, एलबीयू कमिट केलं नव्हतं का?" अरे, तू कधी सांगितलंस? सांगितलं होतं ते इतकंच: पेनड्राइव्हवरून उठतं, सगळं रॅममध्ये चालतं, काही घुसलं तरी रीस्टार्ट केलं की साफ. त्यासोबत माझी वहीही साफ होणार, हे मी ओळखायचं होतं! आणि आत ५०० जीबीची हार्ड डिस्क रिकामी बसलेली.

घरात महिनाभर माझाच उद्धार चालला होता. मग स्वतःच वाचायला बसलो, तेव्हा कळलं की कमिट केलं असतं तरी उधारी गेलीच असती. ती कमांड आपणहून फक्त 'ईटीसी' फोल्डरमधले बदल, म्हणजे सेटिंगं, जपते. माझा डेटाबेस 'व्हार'मध्ये. पोराला हे ऐकवलं, तर "हो का?" एवढंच.

सिस्टिमला नावं ठेवत नाही. कंटेनरसाठीची तिची मूळ इमेज पाचेक एमबीची, आणि माझ्या दोन जीबी रॅमच्या डबड्यावर ती पळायची. आत सामानच मोजकं, म्हणून शिरायला फटीही कमी. राउटर, फायरवॉलसाठी खुशाल रॅममध्ये चालवा. दुकानाच्या हिशोबाला मात्र 'सेटअप-अल्पाइन' डिस्कचं विचारेल तेव्हा 'सिस' निवडा. 'डेटा' निवडलंत तर व्हार डिस्कवर राहतं, पण सेटिंगांसाठी कमिट करावंच लागतं.

दुसरं, प्रिंटरचा ड्रायव्हर आधी तपासा. इथे नेहमीच्या जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असते. कंपनीची तयार फाइल समोर दिसत असते आणि चालवली की मशीन म्हणतं, 'सापडली नाही'. एक अख्खा रविवार मी स्पेलिंग तपासण्यात घालवला.

बॅकअप ठेवा, हे तर कोणीही सांगेल. बसवणाऱ्यासमोरच वायर उपटून, मशीन पुन्हा लावून बघा, मगच पैसे द्या. मी आधीच दिले होते.

पोरगं परवा भेटलं. म्हणालं, "काका, यूपीएस बदला."